घाम गाळणारं कपाट

उन्हाळ्यात सकाळी आणलेली मेथीची जुडी दुपारच्या जेवणापर्यंत मान टाकते. आपण म्हणतो, उन्हानं करपली. खरं तर ती तहानलेली असते. पालेभाजीत दहातले नऊ भाग पाणीच असतं आणि जुडी उपटली तरी कोरडी हवा ते पाणी ओढून घ्यायचं थांबत नाही. ओल्या फडक्यात जुडी गुंडाळणाऱ्या आजीला हे पक्कं ठाऊक असायचं. फ्रीज थंड असतो, पण त्यातली हवा कोरडी. म्हणून उघडी ठेवलेली काकडी तिथंही सुरकुतते. शिवाय वांगी, काकडी, भेंडी ही उष्ण मुलखातली मंडळी. फार थंडीत बरेच दिवस राहिली की त्यांच्या सालीला खड्डे आणि डाग पडतात. त्यांना थंडी नको असते, गारवा हवा असतो.

आणि गारव्याचं यंत्र तर आपल्या स्वयंपाकघरातच तिवईवर बसलेलं आहे. माठाला घाम फुटतो म्हणून पाणी गार होतं. १ लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. तेवढी उष्णता काढून घेतली, तर ५८ लिटर पाणी १० अंशांनी गार होईल. माठात पाणी आत असतं आणि घाम बाहेर. आत भाजी ठेवायची आणि पाणी भिंतीतच मुरवायचं, एवढा बदल केला की कपाट तयार. दिल्लीत पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत रॉय आणि खुर्डिया यांनी १९८० च्या दशकात असाच शून्य ऊर्जा शीतकक्ष बनवला: दुहेरी विटांच्या भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत ओली वाळू. तो शेतकऱ्यासाठी, सुमारे १०० किलो माल मावेल एवढा. घरी इतकी भाजी कोण आणतं? पण तोच आराखडा लहान करता येतो.

आतली मोकळी जागा ६० बाय ४५ सेंटिमीटर आणि उंची विटांच्या सहा थरांची, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर धरली, तर तळासकट २२५ विटा लागतात. फुटतुटीसाठी दहा-बारा जास्त आणाव्यात. फटीसाठी चाळलेली जाड वाळू, जवळपास ४ घनफूट. वीट पारखायची युक्ती सोपी आहे. तिच्यावर पेलाभर पाणी ओतायचं. चटकन पिऊन टाकते ती आपली. भट्टीत जळून काळपट, काचेसारखी झालेली वीट, राखेची वीट, सिमेंटचा ब्लॉक यांतलं काहीही नको. तळाला विटांचा एक थर सपाट मांडावा. त्यावर आतली भिंत, मग फट सोडून बाहेरची. दरजा सिमेंटनं भरायचा मोह होतो, पण तो आवरावा. विटा नुसत्या सांधेमोड करून रचल्या तरी एवढ्या उंचीला उभ्या राहतात, आणि पुढे सुट्या करायच्याच आहेत. वाळू मात्र एकदम ओतू नये. थोडी टाकावी, पाणी शिंपडावं, बसू द्यावी, मग पुढची. इथं घाई केली की दोन दिवसांनी वाळू खाली बसते, वर पोकळी राहते आणि नेमका वरचा थर कोरडा पडतो. समुद्राची वाळू फुकट मिळाली तरी घेऊ नये; मीठ विटेत उतरतं आणि भिंतीला लोणा लागतो.

झाकण म्हणजे बांबूच्या कामट्यांची चौकट आणि तिच्यावर दुहेरी गोणपाट, तेही ओलं. वाळ्याची जुनी ताटी असेल तर उत्तमच. भाजीला वास लागतो अशी तक्रार कुणी केलेली नाही.

जागा निवडतानाच निम्मा निकाल लागतो. सावली हवी आणि वारा हवा, दोन्ही. बंद खोलीत हे कपाट स्वतःच्याच वाफेत बसून राहतं आणि मग काहीच उडून जात नाही. प्लास्टिकचा कागद गुंडाळून ‘गारवा टिकवण्याची’ कल्पना दर उन्हाळ्यात कुणाला तरी सुचतेच. त्यानं भाजीची वाफाळ कोंडी होते. आणि हे कपाट अंगणात किंवा परसात जमिनीवरच हवं. ओल्या वाळूसकट वजन ९०० किलोच्या घरात जातं, तेही सव्वा चौरस मीटरवर. फ्लॅटच्या गॅलरीचा किंवा गच्चीचा स्लॅब त्यासाठी घातलेला नसतो.

फ्लॅटवाल्यांनी कुंडीत माठ ठेवावा. मोठी बिनरंगाची कुंडी घ्यायची, तिचं भोक मातीनं बुजवायचं, तळाला पाच सेंटिमीटर वाळू, वर माठ, भोवतीनं तीन-चार सेंटिमीटर वाळू आणि तोंडावर ओलं फडकं. ऑइलपेंटनं नक्षी काढलेली कुंडी शोभेलाच ठेवावी. रंगानं छिद्रं बुजली की घाम कुठून येणार?

पहिल्या दिवशी विटांचं कपाट बादल्यांमागून बादल्या पितं. पुढं भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ मिळून एखादी बादली पुरते. वाळूवर ठिबकची नळी गोल फिरवून ती उंचावरच्या बादलीला जोडली की विसरण्याची सोय होते. पाणी वाळूत जावं, भाजीवर नव्हे. धुतलेली, निथळती भाजी आत ठेवली तर इथल्या दमटपणात ती सडतेच. कोरडी पुसून, भोकांच्या क्रेटमध्ये, विटांपासून थोडी लांब ठेवावी. पिकलेला आंबा आणि केळी कोथिंबिरीच्या शेजारी नकोत. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूनं कोथिंबीर पिवळी पडते, कारलीसुद्धा. कांदा-लसणाला तर हे घर सोसतच नाही. त्यांना कोरडा वारा लागतो, म्हणून त्यांची चाळ वेगळी. दूध, मटण, रात्रीचा भात यांच्यासाठी हा गारवा पुरेसा नाही, तिथं फ्रीजच.

मग पारा किती उतरतो? हे कपाटापेक्षा हवेवर ठरतं. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं बांधून पंख्यासमोर धरा. जो आकडा दिसेल, त्याच्या खाली हे कपाट कधीच जाणार नाही. दोन-चार अंश वरच राहील. विदर्भात ४० अंशांच्या दुपारी हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर तो आकडा २२ च्या आसपास येतो. कोकणात ३३ अंश आणि ७० टक्के असतील, तर २८. म्हणून नागपूरकडे हे कपाट सगळ्यांत कडक दिवसांत सगळ्यांत चांगलं चालतं, आणि रत्नागिरीला त्याचा उपयोग एवढाच की भाजी सुकत नाही.

आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून काथ्यानं घासावं, नाहीतर बुरशी धरते. बोअरचं जड पाणी वापरलं की विटांवर पांढरा थर चढतो आणि घाम मंदावतो. घासूनही तो गेला नाही, तर ती वीट उलटी फिरवून लावावी. तळाशी पाणी साचू देऊ नये, डास होतात.

मृग लागला की हवा स्वतःच भिजलेली असते, विटांचं पाणी घ्यायला तिला जागा उरत नाही. तेव्हा कपाट सोडवावं, विटा आडोशाला रचाव्यात, वाळू वाळवून पोत्यात भरावी. पोत्याचं तोंड घट्ट बांधावं. उघडी वाळू मांजरं सोडत नाहीत.