हेलियमच्या पिशवीत सापडलेला फरक

विश्वात आज साधारण १६० कोटी फोटॉनांमागे (फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण) एक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन आहे. सुरुवातीच्या प्रचंड उष्णतेत द्रव्य आणि प्रतिद्रव्य (उलट गुणांच्या जुळ्या कणांचं, म्हणजे प्रतिकणांचं, द्रव्य) जवळजवळ सारखंच होतं. दोघांनी एकमेकांना संपवलं, त्याचा प्रकाश झाला, आणि कोट्यवधी जोड्यांमागे एखादा जास्तीचा कण तेवढा राहिला. म्हणून प्रतिद्रव्य कुठे गेलं यापेक्षा ही शिल्लक आली कुठून, हा प्रश्न मला जास्त नेमका वाटतो.

शिल्लक पडायची तर दोघांच्या वागण्यात फरक हवा. तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ क्रोनिन, फिच आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पकडला. केऑन हा क्षणभर टिकून फुटणारा कण; विद्युतभार नसलेले, म्हणजे उदासीन, केऑन दोन प्रकारचे. अल्पायुषी केऑन पायॉन नावाच्या दोन हलक्या कणांत फुटतो. दीर्घायुषी त्याच्या पाचशेहून अधिक पट जगतो, आणि कणाच्या जागी प्रतिकण ठेवून आरशात पाहिलं तरी नियम तेच राहत असतील, तर त्याला दोन पायॉनांत फुटताच येत नाही.

प्रोटॉनांचा झोत आदळून केऑन जिथे तयार होतात, त्या लक्ष्यापासून सुमारे १७ मीटरवर अल्पायुषी केऑन संपलेले असतात. तिथे दोन बाजूंना चुंबक आणि स्पार्क चेंबर (कणांची वाट ठिणग्यांनी दाखवणारी उपकरणं) लावून दोन्ही कणांच्या संवेगांची बेरीज करायची. ती केऑनांच्या झोताच्या दिशेत बसली आणि वस्तुमान केऑनइतकं निघालं तरच घटना धरायची. तिसरा कण निसटला असेल तर बेरीज सहसा तिरकी येते. खरी मेख वेगळीच. पदार्थातून जाताना दीर्घायुषी केऑनांपैकी काही पुन्हा अल्पायुषी होतात आणि खोटा पुरावा देतात. म्हणून क्षय, म्हणजे कणांचं हे फुटणं, पाहायच्या जागेत हवेऐवजी विरळ हेलियमची पिशवी. पदार्थामुळे ही भेसळ किती होते, हे टंगस्टन ठेवून वेगळं तपासलं. शेवटी २२,७०० क्षयांत दोन पायॉनांच्या ४५ घटना उरल्या, ९ कमी-जास्त. म्हणजे पाचशेत एक!

याच दीर्घायुषी केऑनचे इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) देणारे क्षय नंतर मोजले गेले, तेव्हा दर हजारात पॉझिट्रॉनवाले सुमारे तीनने जास्त भरले. प्रतिद्रव्य कशाला म्हणायचं, हे नुसतं मोजून ठरवता येतं ते यामुळे.

पण केऑन ज्यांचे बनतात त्या क्वार्कांमधला हा फरक विश्वातल्या शिलकीला फारच अपुरा पडतो. शिवाय सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये सांगितलेली आणखी एक अट आडवी येते: हे घडताना विश्व औष्णिक समतोलात नसावं, कारण समतोलात जेवढं साठतं तेवढंच पुसलं जातं. हिग्ज बोसॉन, म्हणजे कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राचा कण, बराच हलका असता, तर विश्व थंड होऊन ते क्षेत्र जागं होताना पाण्याला उकळी फुटावी तसे बुडबुडे उठले असते आणि समतोल मोडला असता. त्याचं वस्तुमान १२५ जीईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) निघालं. त्या वस्तुमानाला हा बदल अलगद, उकळी न फुटता होतो.