पदनामाची पाटी

हिंजवडीतील एका कंपनीत मी 'सीनियर इंजिनिअर'चा 'असोसिएट मॅनेजर' झालो, तेव्हा आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. पगार मात्र होता तेवढाच राहिला आणि हाताखाली एकही माणूस आला नाही. पगारवाढीऐवजी पदनाम देणे व्यवस्थापनाला स्वस्त पडते, हे मला पुढे खराडीत मुलाखतीला गेल्यावर उमगले, कारण तिथल्या मनुष्यबळ विभागातील बाईंनी 'ग्रेड कोणती, आणि तुमच्या सहीने किती रकमेचा खर्च मंजूर होतो?' एवढेच विचारले. माझी सही कशावरच चालत नव्हती. रजेच्या अर्जावरसुद्धा नाही.

कायदाही (हे मी फार उशिरा वाचले) पाटीला भुलत नाही: १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता तोवर (नोव्हेंबर २०२५ पर्यंत) त्याखाली 'कामगार' कोण, हे ठरवताना न्यायालये पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहत आली.

ऑफिसातल्या राजकारणाचे म्हणाल, तर आमच्याकडे खरे निर्णय बैठकीत होत नसत. ते आधीच टपरीवरच्या चहासोबत झालेले असत, आणि बैठकीत फक्त माना डोलवायच्या असत. चहा मला वर्ज्य नव्हता, पण पुढे पुढे करणे जमत नव्हते. मी टपरीवर जाऊ लागलो, तोवर बढतीची यादी दोनदा लागून गेली होती.