आमची वाटचाल: आडगाव नाक्यापासून कसारा घाटापर्यंत

२००९ ला नाशिकमधे आडगाव नाक्याजवळ पत्र्याच्या शेडमधे आमचं रेडिएटरचं काम सुरू झालं, तेव्हा मी आणि एक हेल्पर, बास. ट्रक, टेम्पो, द्राक्षाच्या सीझनमधे पिकअप. गाडी गरम होतेय म्हटलं की रेडिएटर उतरवायचा, रॉडिंग करायचं (नळ्यांतून सळी घालून साफ करायच्या), परत चढवायचा. पैसे मिळायचे, पण काही गाड्या महिनाभरात परत यायच्या आणि ते मला लई लागायचं.

मग एकदा ते मोटरहोम आलं. जुन्या मिनीबसवर बांधलेलं, रिटायर झालेले काका-काकू, आत ओटा, बेड, सगळं काकूंनी हौसेनं लावलेलं. मुंबईहून येताना कसारा चढायला लागलं की इगतपुरी यायच्या आत टेंपरेचरचा काटा लाल. थर्मोस्टॅट नवीन, वॉटर पंप नवीन, रेडिएटरसुद्धा नवीन टाकून झालेला, आता इंजिनचं हेड खोला म्हणून सांगितलेलं. काका म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडे शेवटचं बघतो, नाहीतर विकून टाकतो."

त्या दिवशी मी पान्याला हात लावला नाही, आधी विचारलं की नक्की कधी गरम होते. हायवेला ७० ने तासभर चालवली तरी काही नाही, घाटात दुसऱ्या गिअरमधे रांगायला लागली की काटा चढतो. म्हणजे पाणी फिरतंय, वारा कमी पडतोय, कारण स्पीडला वारा समोरून आपोआप येतो पण घाटात सगळी मदार फॅनवर. उलटं असतं तर रेडिएटर चोंदलाय का, खालचा होज चेपतोय का ते आधी बघितलं असतं (बोअरचं पाणी टाकणाऱ्यांकडे क्षार हमखास सापडतो, कूलंटच टाका). इंजिन थंड असताना झाकण काढून स्टार्ट मारला, बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालचं सील) फुटल्याचं काही दिसत नव्हतं.

मग वहीचा कागद फाडून चालू इंजिनवर रेडिएटरच्या जाळीला धरला. मधोमध चटकन चिकटला, कोपऱ्यात नेला तर गळून खाली. टॉर्च मारून मागे बघितलं, फॅनभोवतीची श्राउड (फॅननं हवा जाळीतूनच ओढावी म्हणून असलेलं आवरण) खालून अर्धी कापलेली! एसीचा पाइप न्यायला कुणीतरी कापली होती, त्यामुळे फॅन जाळीतून ओढायचं सोडून इंजिनकडचीच गरम हवा फिरवत होता. पत्र्याची नवीन श्राउड केली, कडेला रबर लावलं, दोन दिवसांचं काम.

तेव्हापासून आमच्याकडे गरम होणारी गाडी आली की आधी प्रश्न, मग कागद, मग पाना. आणि ट्रायल सपाट रस्त्यावर घेत नाही, खाली कसाऱ्यापर्यंत उतरून परत चढून येतो, डिझेल किती लागेल ते गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.