कातळसड्याची अमूर्त चित्रे : संयुक्त प्रदर्शनाच्या तयारीची नोंद

नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या आमच्या संयुक्त प्रदर्शनाचे काम निम्म्यावर आले आहे, म्हणून येथवर काय ठरले, काय साधले आणि काय अजून लटकलेले आहे, याची नोंद येथे करतो. आम्ही चौघेही नोकरी-व्यवसाय सांभाळून अमूर्त चित्रे करणारे आहोत. निसर्गातील बदल हा विषय ठरल्यावर आम्ही पहिला निर्णय घेतला तो असा, की प्रत्येकाने आपापल्या आवडीचा निसर्ग न निवडता चौघांनी एकाच भूभागाकडे पाहावे. त्यासाठी रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील जांभ्याचे सडे, म्हणजे तांबड्या जांभा दगडाची उघडी, सपाट पठारे, निश्चित केले. सड्यावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरचा, तोही खळग्याखळग्यांतून असल्यामुळे ऋतू पालटला की त्याची खूण तेथे लगेच आणि उघड्यावर उमटते.

मे महिन्यात हा कातळ करपल्यासारखा काळपट दिसतो. पहिले पाऊस झाले की त्याच काळ्या पापुद्र्यावर शेवाळ हिरवे होते, खळग्यांत पाणी साठते आणि दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. पुढे गेंद, तेरडा आणि सीतेची आसवे यांचे ताटवे पसरतात. यांपैकी सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे. त्या उथळ, धुपलेल्या मातीत पोषणद्रव्ये इतकी कमी असतात की तिला नत्रासाठी सूक्ष्म जीव पकडावे लागतात. ऑक्टोबर सरता सरता गवत पिवळे पडते, नंतर राखाडी होते, आणि काही ठिकाणी ते जाळलेही जाते.

विषय असा नजरेत भरणारा असला, तरी अमूर्त चित्रकाराला त्यातच अडचण आहे. जूनसाठी हिरवा, सप्टेंबरसाठी जांभळा आणि डिसेंबरसाठी पिवळा असे रंग वाटून दिले, की चित्रातील वस्तू नाहीशा झाल्या तरी चित्र निसर्गदृश्यच राहते; फक्त धूसर होते. माझ्या मते बदल दाखवायचा तर त्या त्या अवस्थेचा रंग गौण मानून, एक थर दुसऱ्यावर कसा येतो आणि खालचा पुरता का पुसला जात नाही, हे रंगलेपनातच घडवून आणले पाहिजे. या मालिकेतील माझी सगळी चित्रे या एकाच सूत्रावर उभी आहेत.

त्यामुळे प्रत्येक चित्राची सुरुवात काळ्यापासून होते. ट्यूबमधला तयार काळा मी वापरत नाही, कारण तो पृष्ठभागावर भोक पाडल्यासारखा दिसतो. बर्न्ट अंबर हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळून केलेला काळा ओल्या कातळाच्या जवळ जातो, आणि प्रमाण थोडे बदलले की तो उष्ण किंवा थंड करता येतो. त्यावर ॲक्रिलिकचे पातळ, पारदर्शक हिरवे थर रोलरने द्यायचे आणि अर्धवट वाळलेले असतानाच पॅलेट नाईफने व ओल्या फडक्याने ते मागे घ्यायचे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी रोलर आणि नाईफ वापरून रंग चढवण्याइतकेच तो काढण्यालाही चित्रात स्थान दिले. त्यांची चित्रे प्रत्यक्ष पाहिलेल्यांना काढून घेतलेल्या रंगाचे सामर्थ्य वेगळे सांगायला नको. ॲक्रिलिक हे त्यातील पाणी उडून वाळते, म्हणून पावसाळी दमट हवेत ते रेंगाळते. एरवी ही तक्रारीची बाब असते. मला मात्र त्यामुळे खरवडण्यासाठी पुरेसा अवधी मिळाला. अट एवढीच, की खालचा काळा थर आधी पूर्ण सुकलेला हवा.

तांबडा रंग मी विकत न घेता चिरेखाणीतील, म्हणजे जांभ्याचे बांधकामाचे चिरे कापतात त्या खाणीतील, भुकटीपासून केला, आणि ज्यांना तो करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी कृती थोडी विस्ताराने लिहितो. जांभ्याला लाली येते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे. बाजारातील गेरू आणि बर्न्ट सिएना यांच्या रंगाचे मूळही तेच असल्याने हा रंग उजेडात उडत नाही. भुकटी आधी चाळून घ्यावी, मग भरपूर पाण्यात ढवळून क्षणभर थांबावे. जाड कण तळाशी बसतात. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर ठेवले की बारीक गाळ मिळतो. पाणी पुन्हा पुन्हा बदलल्याने विरघळणारे क्षारही निघून जातात. वाळलेला गाळ काचेवर घोटताना ॲक्रिलिकचे बंधक माध्यम थोडे थोडे मिसळावे. बारीक पुडीला ते जास्त लागते, जाडीला कमी. लेप सुकल्यावर पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा; फडके तांबडे झाले तर बंधक कमी पडले आहे असे समजावे. कोरडी भुकटी हाताळताना नाकावर मास्क असणे आवश्यक आहे. जाड कणांचा दाट लेप ताणलेल्या कॅनव्हासवर तडकण्याचा धोका असतो, म्हणून असे लेप मी प्लायवुडवर देतो आणि दमटपणाने फळी वाकू नये यासाठी ती दोन्ही बाजूंनी जेसोने, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराने, बंद करतो.

या तांबड्यावरूनच आमच्यात सर्वांत मोठा वाद झाला. सड्याचा पृष्ठभाग काळवंडलेला असतो. आतला लाल रंग दिसतो तो चिरा कापल्यावर. मग लाल हा निसर्गातील बदल म्हणायचा की माणसाने केलेला, आणि प्रदर्शनाच्या विषयात तो बसतो का? आमच्यातील तैलरंगात काम करणाऱ्या मित्राचे म्हणणे, की खाण आली की चित्र वक्तव्य करू लागते. मला ते पटत नाही. चिऱ्यांसाठी कापलेले आणि कलमांच्या बागांसाठी सुरुंग लावून फोडलेले सडे वगळले, तर आपण तेथील सर्वांत वेगवान बदलाकडेच पाठ फिरवू. चित्राच्या दृष्टीनेही यात लाभ आहे: सड्यावर सरळ रेषा जवळपास नसते, आणि खाणीचा काटकोन आला की त्या सगळ्या डागाळलेल्या, पसरट अवकाशाला अचानक कडा मिळते. अखेर असे ठरले, की लाल आयत माझ्या मोजक्याच चित्रांत येतील आणि त्यांना स्पष्टीकरणाची पाटी नसेल. सड्यांवर कोरलेली प्राचीन कातळशिल्पे मात्र आम्ही सर्वानुमते बाजूला ठेवली. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये आल्यापासून त्यांच्या आकृत्या बऱ्याच प्रेक्षकांच्या परिचयाच्या झाल्या आहेत, आणि ओळखीची आकृती दिसली की डोळा तेथेच अडकून बसतो.

इतरांचे काम पाहून मला बरेच शिकायला मिळत आहे. जलरंग करणारा मित्र हातकागदावर रंगीत पाण्याची थारोळी तशीच वाळू देतो. पाणी कडेला अधिक वेगाने उडते आणि रंगकण त्या कडेकडे ओढले जाऊन गडद वलय तयार होते. सड्यावरची डबकी आटतात तेव्हाही अशीच वलये मागे राहतात, त्यामुळे त्याच्या कागदावर निसर्गाची नक्कल नसून तीच प्रक्रिया घडलेली असते. आमच्या गटातील ताई सुती कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून नंतर लोहाच्या द्रावणात बुडवतात. हिरड्यातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने जो राखी-काळा रंग येतो, तो मे महिन्यातील कातळाच्या इतका जवळ जातो की माझा मिश्रणाचा काळा त्यापुढे उपरा वाटतो. हे मी त्यांना सांगितले, आणि त्यांनी ते हसून मान्यही केले.

मांडणीत प्रत्येकाला स्वतंत्र भिंत देण्याची नेहमीची पद्धत आम्ही सोडली आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९१ मध्ये पॅरिसमध्ये गवताच्या गंजींची १५ चित्रे एकत्र मांडली, तेव्हा विषय तोच ठेवून बदलता प्रकाश दिसावा म्हणून ती शेजारी असणे आवश्यक होते. आमच्याकडे हात चार आणि माध्यमेही चार असल्याने भिंती संक्रमणांप्रमाणे वाटल्या आहेत: कोरड्यातून ओल्याकडे, ओल्यातून फुलोऱ्याकडे, फुलोऱ्यातून कोरड्याकडे. चौथी भिंत खाणीची, म्हणजे जेथून परत फिरता येत नाही अशा बदलाची. चित्रांना महिन्यांची नावे द्यायची नाहीत; केवळ क्रमांक आणि माध्यम लिहायचे, यावर तिघे सहमत आहेत.

सध्याचा पेच व्हार्निशचा, म्हणजे चित्रावर शेवटी द्यायच्या पारदर्शक संरक्षक लेपाचा, आहे. ॲक्रिलिकला काही दिवसांनी ते देता येते, परंतु तैलरंग हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश घट्ट होतो आणि जाड लेपाला अंतिम व्हार्निशपूर्वी सहसा सहा महिने द्यावे लागतात. जुलैत रंगवलेली तैलचित्रे नोव्हेंबरपर्यंत त्या स्थितीला येणार नाहीत. त्यामुळे ती तशीच, काही भाग चकचकीत आणि काही निस्तेज अशी टांगायची, की तात्पुरते रिटच व्हार्निश द्यायचे, हे मित्राने ठरवायचे आहे. माझे मत पहिल्या पर्यायाला आहे. मात्र त्या भिंतीवरचे दिवे तिरके लावावे लागतील, आणि ते तसे वळतात का, हे कलादालनात जाऊन पाहायचे बाकी आहे.