तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीचं काम घरी करायचं की गॅरेजला द्यायचं?

सोसायटीत कोणी ना कोणी विचारतंच, की दादा तुम्ही रविवारी बॉनेट उघडून उभे असता, सगळं येतं तुम्हाला, मग गॅरेजवाल्याला पैसे का देता? दर वेळी जिन्यात उभ्या उभ्या अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

मी एवढंच बघतो की आपल्या हातून काम चुकलं तर ते कुठे कळणार. पार्किंगमध्ये कळणार असेल तर मी स्वतः करतो, कसाऱ्याच्या घाटात कळणार असेल तर गॅरेजला देतो.

बॅटरीचंच घ्या. सकाळी चावी फिरवली की नुसतं टकटक वाजतं, स्टार्टर फिरत नाही, आणि लोक लगेच नवीन बॅटरी आणायला निघतात. अहो आधी टर्मिनल, म्हणजे बॅटरीवर वायर जोडलेली ती दोन टोकं, तर बघा. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असते, तिच्यामुळे करंट नीट पुढे जात नाही. दहा नंबरचा पाना घ्यायचा, आधी मायनस सोडायचा मगच प्लस, कारण मायनस जोडलेला असताना प्लस सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. कोमट पाण्यात खायचा सोडा टाकायचा आणि जुन्या टूथब्रशने घासायचं, डोळे मात्र सांभाळा, फसफस करत सगळी भुकटी सुटते आणि खालून करडं शिसं दिसायला लागतं. कोरडं पुसून आधी प्लस बसवायचा, मग मायनस, वरून थोडं व्हॅसलीन. व्होल्ट मोजायचा साधा मल्टीमीटर लावला आणि गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास, चालू केल्यावर 14 च्या आसपास व्होल्ट दाखवले की समजायचं चार्जिंग होतंय. यात चुकलात तर काय होईल, गाडी चालू होणार नाही, आणि ती तुमच्याच बिल्डिंगखाली उभी असेल.

वायपर, एअर फिल्टर, बल्ब हेही असंच. फ्यूज बदलताना फक्त 10 अँपिअरच्या जागी 10 चाच टाका, मोठा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

ब्रेकला मात्र मी आता हात लावत नाही. दोन वर्षांपूर्वी पुढचे ब्रेक पॅड मी घरी बदलले, व्हिडिओ तीन वेळा बघून, अगदी मन लावून. महिनाभर इथे नाशिकमध्येच गंगापूर रोड, कॉलेज रोड, सातपूर, कुठे काही जाणवलं नाही. मग ठाण्याला लग्नाला निघालो, बायको आणि आई मागे, इगतपुरी सोडली, घाट उतरायला लागलो आणि जळका वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. दोन वळणं गेली आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, पायाखाली स्पंज असल्यासारखं. गाडी दुसऱ्या गिअरवर टाकून हळूहळू बाजूला घेतली, उतरून बघितलं तर डाव्या चाकाजवळ हात नेता येत नव्हता इतकं तापलेलं. आई विचारत होती काय झालं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

नंतर आमच्या गॅरेजच्या चाचांनी चाक खोलून दाखवलं. "भाऊ, पॅड बरोबर बसवले तुम्ही, पण पिनला ग्रीस कुठंय?" कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतं त्यातली एक सुकून जाम झाली होती, त्यामुळे पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहिला. त्यात ब्रेक ऑइल चार वर्षं जुनं. ते हवेतलं पाणी शोषतं, पाणी मुरलं की कमी तापमानाला उकळतं, आत वाफ धरते आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं. यातलं व्हिडिओत काहीच नव्हतं. चाचांनी पिन बोटांनी पुढेमागे करूनच ओळखली. ती मजुरी मी त्या बोटांची देतो आणि त्यात घासाघीस करत नाही. ब्रेक ऑइल आता दर दोन वर्षांनी, त्यांच्याकडूनच.

स्टेअरिंग, सस्पेन्शन, एअरबॅग, हे सगळं त्याच रांगेत. आणि गाडीखाली शिरावं लागेल असं कुठलंही काम, कारण डिकीतला जॅक फक्त चाक बदलायला दिलेला असतो, त्याच्या भरवशावर खाली झोपू नका, हात जोडून सांगतो.

इंजिन ऑइल घरी बदलता येतं, पण निघालेलं तीन-चार लिटर काळं ऑइल टाकायचं कुठे? आमच्या मागच्या गल्लीत एकाने गटारात ओतलेलं मी बघितलंय, तो नाला पुढे गोदावरीलाच मिळतो. म्हणून ते कामही मी गॅरेजलाच देतो, तिथे जुनं ऑइल ड्रममध्ये जमा करतात आणि घेणारा येऊन घेऊन जातो.

बाकी टर्मिनल साफ करायचं असेल तर या रविवारी नऊनंतर खाली या, पाना आणि सोडा माझ्याकडे आहे.