तीन वयांची मुले आणि नाताळच्या भेटींचा हिशेब

मुले लहान असतात तोवर नाताळच्या भेटी वाटणे फारसे अवघड जात नाही. सारख्या आकाराची खोकी, सारखा चकचकीत कागद आणि प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी एवढ्यावर सगळे खूश होतात. मुलांनी तेरावे-चौदावे वर्ष ओलांडले, की मात्र कागद उघडण्याआधीच त्यांना वस्तूचा अंदाज आलेला असतो आणि कागद उघडल्यावर अर्ध्या मिनिटात मोबाइलवर तिचा भावही कळतो. ‘मला कमी का?’ असे या वयाची मुले तोंडाने विचारत नाहीत. ती गप्प राहतात आणि मनात नोंद ठेवतात. ही नोंद वर्षानुवर्षे टिकते, हे मी माझ्या पिढीतल्या भावंडांमध्ये पाहिलेले आहे. म्हणूनच मोजक्या पैशांत तीन मुलांच्या भेटी कशा ठरवाव्यात, या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले.

आमचे घर जळगावचे. माझे पती औद्योगिक वसाहतीतल्या एका चटईच्या कारखान्यात कामाला आहेत आणि मी घरी शिवणकाम करते. थोरला अठरा वर्षांचा आहे, मधली लेक पंधराची असून यंदा दहावीला आहे आणि धाकटा तेरा वर्षांचा आहे. आमच्या सासूबाईंच्या काळी नाताळची भेट म्हणजे पंचवीस तारखेच्या उपासनेला घालायचे नवे कपडे, शिवाय करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ आणि संध्याकाळी काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत व कळण्याच्या पुऱ्या. भेटवस्तू मिळायची ती चर्चमधल्या रविवारच्या शाळेत, आणि ती सगळ्या मुलांना एकच असायची: एक वही आणि एक पेन. त्या वाटणीत कोणाला कमी-जास्त होण्याची शक्यताच नव्हती. नव्या कपड्यांची पद्धत आम्ही अजून पाळतो आणि ते कपडे मीच शिवते, त्यामुळे त्यांचा खर्च भेटींच्या पैशांत धरत नाही.

भेटींचे पैसे येतात दिवाळीत. कारखान्याचा बोनस सणाच्या तोंडावर हातात पडतो. १९६५च्या कायद्याने किमान बोनस ठरवून दिला, पुढे तो वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराइतका, झाला आणि कामगारांच्या घरांतले वर्षातले मोठे खर्च या एका रकमेभोवती फिरू लागले. आमचा सण दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांनी येत असल्यामुळे ती रक्कम तोवर टिकवणे हेच मोठे काम असते. त्यातून मी काही भाग बाजूला काढते, आणि गल्लीतल्या बायकांच्या भिशीत माझा नंबर शक्यतो डिसेंबरमध्येच लागावा, असे आधीपासून सांगून ठेवते. गेल्या नाताळला तिघांच्या भेटींसाठी मिळून सहा हजार रुपये होते. यंदा ते सहा हजार सहाशे आहेत.

सहा हजारांचे तीन भाग केले की प्रत्येकी दोन हजार, आणि न्याय झाला, असे प्रथमदर्शनी वाटते. पण या वयाच्या मुलांच्या गरजा आणि आवडी इतक्या वेगळ्या किमतींच्या असतात, की समान रक्कम ठरवली तर निदान एकाला तरी निरुपयोगी वस्तू मिळते. गेल्या वर्षीचेच पाहा. थोरला पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीत मुलांना सोळाशे मीटर धावावे लागते आणि मुलींना आठशे. त्यासाठी तो पहाटे मेहरूण तलावाकडे पळायला जातो. बाजारातले दोन हजारांचे बूट त्याने पायात घालून पाहिले. टाचेखालचा थर अंगठ्याने दाबला तर तो दबून तसाच राहत होता. तीन हजार शंभरांच्या जोडीत तोच थर दाबून सोडताच वर येत होता. रोज डांबरी रस्त्यावर चार-पाच किलोमीटर पळणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. दुसरीकडे, धाकट्याला बाराशे रुपयांची बॅट हवी होती आणि तिच्यापेक्षा महाग बॅट त्याच्या हाताला जड झाली असती. केवळ आकडा जुळावा म्हणून थोरल्याला दबके बूट आणि धाकट्याला आठशे रुपयांचे काहीतरी वरकड घेऊन देणे मला पटणारे नव्हते.

या संदर्भात मला बायबलमधली योसेफाची गोष्ट नेहमी आठवते. बापाने, म्हणजे याकोबाने, सगळ्या मुलांत एकट्या योसेफाला सुंदर झगा करून दिला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि त्या भेटीने पेटलेल्या द्वेषातून भावांनी पुढे त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकून टाकले. आपण रविवारच्या शाळेत ही गोष्ट बहुधा इथपर्यंत शिकवतो. पण पुढे मिसरात हाच योसेफ भावांना निरोप देतो, तेव्हा प्रत्येकाला एकेक पोशाख देतो आणि आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला, बन्यामिनाला, मात्र पाच पोशाख व चांदीची तीनशे नाणी देतो. ही वाटणीदेखील विषमच होती. तरीही तिच्यावरून वैर झाले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे एक कारण असे, की हे देणे सर्वांच्या देखत झाले, त्यामागचे नाते सर्वांना ठाऊक होते आणि कोणीही रिकाम्या हाताने गेला नाही. ज्यांच्या नावावरून सांताक्लॉज आला, ते चौथ्या शतकातले मायराचे बिशप संत निकोलस यांच्याबद्दलही तीन बहिणींची आख्यायिका सांगतात. गरीब बापाच्या तीन मुलींसाठी त्यांनी रात्री खिडकीतून सोन्याच्या तीन थैल्या टाकल्या, आणि या आख्यायिकेच्या एका रूपानुसार प्रत्येक थैली त्या त्या मुलीच्या लग्नाची वेळ आली तेव्हा टाकली. वाटा प्रत्येकीला मिळाला, पण ज्याच्या त्याच्या वेळेला मिळाला.

आमच्या घरातला हिशेब याच समजुतीवर उभा आहे. एका वहीच्या पानावर तीन रकाने आहेत आणि ते पान तिघांनाही केव्हाही पाहता येते. गेल्या वर्षी थोरल्याचे बूट ३,१०० रुपयांचे झाले, लेकीचे जलरंग, ब्रश आणि चांगला कागद मिळून १,७०० आणि धाकट्याची बॅट १,२००. समान वाटा २,००० धरला, तर थोरल्याकडे ११०० जास्त गेले, लेकीचे ३०० बाकी राहिले आणि धाकट्याचे ८००. ही बाकी पुढच्या नाताळात ओढायची, असे तेव्हाच सर्वांसमोर ठरले. यंदा प्रत्येकाचा वाटा २,२०० आहे. त्यामुळे थोरल्याला ११००, लेकीला २,५०० आणि धाकट्याला पूर्ण ३,००० मिळतील. धाकट्याने त्यासाठी गिटार मागितली आहे, कारण चर्चच्या तरुण संघात गाण्यांना साथ करणाऱ्या मुलांमध्ये बसण्याची त्याला घाई झाली आहे. शिकाऊ मुलासाठीची साधी गिटार एवढ्यात येते.

पैशांचा आकडा मुलांना सांगावा की नाही, याबद्दल माझ्या मैत्रिणींमध्ये दोन मते आहेत. सणात पैशांचा विषय काढल्याने आनंद कोमेजतो, असे काहीजणी म्हणतात. लहान मुलांच्या बाबतीत मला ते मान्य आहे. पण ज्या मुलाला वडिलांच्या ओव्हरटाइमचे तास माहीत आहेत आणि जी मुलगी माझ्या गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांना हुक लावते, त्यांच्यापासून सहा हजारांचा आकडा लपवण्यात काय अर्थ आहे? आकडा लपवला की मुले तो मनाने ठरवतात, आणि मनाने ठरवलेला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो. यंदा नोव्हेंबरात पान उघडले तेव्हा धाकट्याने बोटाने रकाने जुळवून पाहिले आणि विचारले, “आई, दादाने गेल्या वर्षी जास्त घेतले, मग या वर्षी त्याला वाईट नाही वाटणार?” थोरला म्हणाला, “माझे बूट वर्षभर चालले ना, मग झालं.” एवढ्यावर तो विषय संपला. अर्थात प्रत्येक वेळी इतके सहज होत नाही. लेकीला वाटते, की पुढे ओढलेली बाकी वर्षभराने मिळते, तर तिच्यात थोडी वाढही मिळायला हवी. तिचे म्हणणे चुकीचे नाही, आणि वाढ द्यायची तर किती, हे आम्ही अजून ठरवलेले नाही.

लेकीच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगायची आहे. आपल्याकडे मुलाला भेट म्हणून त्याच्या आवडीची वस्तू मिळते आणि मुलीला पुष्कळदा घराच्या उपयोगाची. मिक्सर ‘तिच्या नावाने’ येतो, चादरी ‘तिच्या पसंतीच्या’ येतात, नाहीतर ‘तिच्यासाठीच’ म्हणून कानातले घेऊन ते आईच्या कपाटात जपून ठेवले जातात. आमच्या जळगावचा सराफ बाजार दूरवर प्रसिद्ध आहे, त्यामुळे मुलीची भेट म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांना सोनेच सुचते. सोन्याची तरतूद जरूर करावी, पण ती वेगळी करावी. पंधरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ती भेट नसते, कारण ती वस्तू तिला वापरता येत नाही, मैत्रिणींना दाखवता येत नाही आणि तिच्याबाबतचा निर्णयही तिचा नसतो. लेकीने यंदा हेडफोन मागितले आहेत. दोन खोल्यांच्या घरात दहावीचा अभ्यास करताना तिला शांतता हवी आहे आणि अभ्यास झाल्यावर तिची गाणी हवी आहेत. ‘दहावीचे वर्ष आहे, हेडफोन कशाला?’ असे घरात म्हटले गेले. मी तिच्या बाजूने उभी राहिले, कारण हाच प्रश्न थोरल्याला त्याच्या बारावीच्या वर्षी बुटांबद्दल कोणी विचारला नव्हता.

याच कारणासाठी शिक्षणाचा खर्च आम्ही भेटींच्या पानावर येऊ देत नाही. क्लासची फी, पुस्तके, चष्मा, सायकलचे टायर, परीक्षेचे अर्ज हे आईबापांचे कर्तव्य आहे. त्यावर रंगीत कागद गुंडाळून मुलासमोर ठेवणे मला योग्य वाटत नाही. मधल्या गोष्टी असतातच. लेकीने इंटरमिजिएट ग्रेडची चित्रकला परीक्षा दिली, तेव्हा परीक्षेला लागणारे रंग आम्ही शाळेच्या खर्चात धरले आणि नंतर तिने स्वतःच्या हौसेसाठी मागितलेले जलरंग भेटीत धरले. बुटांबाबत थोरल्याशी चर्चा झाली. भरती ही त्याची स्वतःची निवड आहे आणि बूट त्याला मनापासून हवे आहेत, म्हणून ते भेटीत धरावेत, असे त्यानेच सांगितले.

नातेवाइकांच्या भेटी आम्ही हिशेबात घेत नाही. पुण्याच्या मामांचा एखाद्या भाच्यावर जास्त जीव असला तर तो असू द्यावा. फक्त आजी-आजोबांना मी एवढे सुचवते, की पाकिटातली रोख रक्कम तिघांना सारखी असावी, कारण पाकिटे एकाच वेळी उघडली जातात.

खरेदीच्या वेळेबद्दल थोडे. दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये हेडफोनसारख्या वस्तू स्वस्त मिळतात आणि त्या तेव्हाच घेऊन ठेवलेल्या बऱ्या. बूट आणि कपडे मात्र त्या सेलमध्ये घेऊ नयेत. परत करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी आठ-दहा दिवसांची असते, आणि वाढत्या वयातल्या मुलाचा पाय दोन महिन्यांत अर्धा नंबर वाढला तर ती जोडी नाताळच्या सकाळी कोणाच्याच पायात जात नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या बुटांवर पाच टक्केच जीएसटी आहे आणि त्याच्या वर अठरा टक्के, त्यामुळे यापुढे बूट घेताना अडीच हजारांच्या आतली जोडी नीट पाहूनच वरच्या किमतीकडे वळावे. गिटार मी दुकानात जाऊनच घेणार आहे. धाकट्याच्या हाताचा आवाका अजून लहान आहे आणि दांडी त्याच्या पंजात बसते की नाही, हे फोटोवरून कळत नाही. गुपित फुटेल, पण तेरा वर्षांच्या मुलाला चुकीच्या मापाची गिटार देण्यापेक्षा ते परवडले.

भावंडांनी एकमेकांना द्यायच्या भेटी आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवतो. ज्याच्या हाती ज्याचे नाव येईल त्याने त्याच्यासाठी काहीतरी करायचे आणि खर्च दीडशे रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही. गेल्या वेळी लेकीने थोरल्यासाठी त्याच्या धावण्याच्या वेळा लिहिण्याचा तक्ता रंगवून दिला होता आणि तो अजून दाराच्या मागे चिकटवलेला आहे. यंदाच्या चिठ्ठ्या टाकून झाल्या आहेत. थोरल्याच्या वाट्याला राहिलेल्या अकराशे रुपयांचे काय घ्यायचे, हे त्याने अद्याप सांगितलेले नाही. पूर्ण रक्कम पुढच्या नाताळासाठी राखून ठेवावी, असे त्याच्या मनात दिसते. ते मी मान्य करणार नाही. पंचवीस तारखेला तिघांच्याही हातात उघडायला काहीतरी असले पाहिजे, म्हणून निदान तीन-चारशे रुपयांची वस्तू त्याला निवडावीच लागेल, आणि उरलेले सातशे-आठशे त्याच्या रकान्यात पुढच्या वर्षासाठी लिहिले जातील.