पुण्याच्या कसबा पेठेची फोटो स्पर्धा: तिसरा रविवार, ठोका अजून हाती नाही

तीनपैकी दोन फोटो झाले, अशा भ्रमात होतो. आज त्यातला एक बाद केला.

बाद झाला तो शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. हत्तीने धडक मारू नये म्हणून बसवलेले खिळे सकाळच्या तिरप्या उन्हात झकास आले होते. पण वाड्याची वास्तुशांत 1732 सालची, दरवाजाही पेशवाईपासून तिथेच उभा आहे. आणखी पन्नास जण तोच पाठवणार. लाल महालाकडे वळलोच नाही, आत्ताची इमारत 1980 च्या दशकातली, म्हणजे नवीच. गेल्या वर्षी एका बोळात जी दिंडी (मोठ्या दरवाजातलं छोटं दार) हेरून ठेवली होती, तिथे आता हिरवी जाळी आणि बिल्डरचा बोर्ड. स्पर्धेला फोटो यंदाचाच हवा, त्यामुळे जुनाही चालत नाही.

मग मुक्काम तांबट आळीत. मठारकाम, म्हणजे तांब्याचं भांडं हातोडीने ठोकून खळ्या पाडणं, चालू होतं. ते करणारे तांबट काका म्हणाले, "हात धरून ठेवू का फोटोसाठी?" म्हटलं, "नको काका, तुमचं चालू द्या."

इथे खरी परीक्षा. 35 मिमी लेन्स, आयएसओ 1600. शटर 1/500 सेकंदाला ठेवलं तर हातोडी हवेत टांगल्यासारखी दिसते, अगदी निर्जीव. 1/15 ला काकांचा हातच गायब. 1/40 ला जमलं, तेही अर्धवट, कारण दोन ठोक्यांच्या मधे डावा हात घंगाळ जरासं फिरवतो आणि तेही हलतं. ठोका बसतो त्या क्षणीच भांडं स्थिर. डोळ्यांनी हे पकडता येत नाही, मी तरी नाही पकडू शकलो. शेवटी व्ह्यूफाइंडर सोडला, दोन ठोके कानाने मोजले आणि तिसऱ्याला बटण.

कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नका. अंधाऱ्या खोलीला तो उजळवतो आणि तांब्यावरची चमक पांढरी फटक होते. मी एक्सपोजर एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्या उजेडावर ठेवलं, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये).

84 फोटोंत दोन धड आले. घरी येऊन मोठे करून पाहिले, तर घंगाळाच्या प्रत्येक खळीत दाराचा इवलासा उजेड, आणि त्या प्रत्येक उजेडात पांढऱ्या शर्टातला, कॅमेरा धरलेला मी!

मुदतीला दहा दिवस आहेत. पुढच्या खेपेला काळा शर्ट, आणि दारात उभं राहायचं नाही.